पाण्याची किल्ली कोणाकडे?



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी "पाणी" एवढेच उत्तर दिले. त्यावर त्यांच्यातले एक तरुण गृहस्थ हसून म्हणाले, "गुरुजी, आपल्या गोंदिया जिल्ह्यात पाण्यावर काय बोलायचे? ते माणदेशात नाहीतर मराठवाड्यात जाऊन बोलावे." हा आक्षेप मला फार मोलाचा वाटला. आज मला जे सांगावयाचे आहे त्याचे बीज या आक्षेपातच आहे.

गृहस्थांचे म्हणणे वरवर पाहता खरे आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माणदेशाला त्याच्या निम्मासुद्धा मिळत नाही. वैनगंगा आपल्या सीमेवरून वाहते. बाघ, चुलबंद, गाढवी या नद्या आपल्या आहेत. इटियाडोह आहे, नवेगाव बांध आहे, बोदलकसा आणि चोरखमारा आहेत. 1999 च्या 1 मे रोजी आपण भंडाऱ्यापासून वेगळे झालो, पण 'तलावांचा जिल्हा' हे बिरुद दोघांनीही वाटून घेतले, कोणी सोडले नाही. असे असताना याच जिल्ह्यात वैशाखात बाया हंडे घेऊन मैलभर चालत असतील, तर त्याचा दोष आभाळाला देता येणार नाही. ज्या प्रदेशात पाऊसच नाही तेथे अन्याय दुष्काळाच्या आड लपू शकतो. आपल्याकडे त्याला लपावयास जागा नाही.

मी एक अनुभव सांगतो. नोकरीची पुष्कळ वर्षे मी पूर्वेकडच्या तालुक्यांत काढली. गावाचे नाव सांगत नाही, कारण तशी गावे एक नाही, अनेक आहेत. मुख्य गाव तलावाच्या पाळीखाली, आणि तेथून दीड-दोन किलोमीटरवर एक टोला. आपल्या जिल्ह्याचा नकाशा काढा. टोला आणि टोली यांनी संपणारी नावे मोजता मोजता कंटाळाल. टोला म्हणजे मुख्य गावातून उठून, किंवा मुख्य गावाने उठवून, बाजूला बसलेली वस्ती. आमच्या या टोल्यावर बहुतेक घरे गोंडांची, काही ढिवरांची. मार्च उजाडला की टोल्यावरच्या मुली शाळेत उशिरा येऊ लागत. एप्रिलात काही येईनाशा होत. मी नवखा होतो. छडी घेऊन दारात उभा राहत असे. एके दिवशी सातवीतली एक पोर म्हणाली, "गुरुजी, नळ आठला येते, अन् कधी येतच नाही." मला ते पटेना. गावात तर मी पहाटे साडेपाचला नळाला पाणी पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वतः फिरलो. टाकी गावाच्या वरच्या अंगाला. पाणी सुटले की पहिली गल्ली भरते, मग दुसरी. पहिल्या गल्लीत दर दोन घरांआड नळीला थेट टिल्लू पंप लावलेला. पंपाने ओढ घेतली की पुढच्या नळाला नुसती हवा. अंगणे शिंपली जात होती, म्हशी धुतल्या जात होत्या. टोल्याच्या नळापर्यंत पाणी पोहोचले तेव्हा करंगळीएवढी धार होती, आणि तिच्यापुढे तीसेक हंडे रांगेत होते. पाऊण तासाने पाणी सोडणाऱ्याने किल्ली फिरवली आणि तीही आटली. मी त्याला विचारले. तो भला माणूस. म्हणाला, "टाकीत होते ते सोडले. पुढे काय झाले ते मी कसे सांगू?" आणि कागदावर हे गाव पूर्णपणे नळाने जोडलेले होते. कागद खोटा नव्हता. नळ होता, जोडणी होती, टाकीही होती. कोणाची पाळी आधी, एवढेच त्या कागदात कोठे लिहिलेले नव्हते.

ही पाळी कोण ठरवतो, हा प्रश्न या भूमीला नवा नाही. आपले तलाव ज्यांनी बांधले त्या कोहळ्यांना तो चांगला ठाऊक होता. गोंड राजांनी, जो तलाव बांधील त्याला जमीन, असे धोरण ठेवले आणि कोहळी मंडळी या रानात उतरली, असे परंपरा सांगते. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातला असे सांगतात. दोन टेकड्यांमधली नेमकी जागा पाहून पाळ घालायची, पाणी सोडायला तुडुम ठेवायचे, जादा पाण्याला सांडवा द्यायचा आणि एका तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाजायचा, हे ज्ञान शिकलेल्या इंजिनियरानेही टोपी काढावी असे आहे. पुन्हा तलाव नुसता धानाला पाणी देत नसे. आपला खडक कठीण. पाणी साठते ते वरच्या मुरमाच्या थरात, फार खोल नाही. तलाव भरलेला असला की खालच्या विहिरी उन्हाळ्यात धीर धरतात. तलाव फुटला किंवा गाळाने भरला की पहिली विहीर आटते ती गरिबाची, कारण तिची खोली कमी असते.

पण तलावांचे गुणगान करताना माझा सूर जरा भीतभीत निघतो. तुडुम उघडण्याचा हुकूम मालगुजाराचा होता. पाळीवर माती टाकणारे हात गावाचे होते, कित्येकदा वेठीचे होते. तलाव सर्वांचा म्हणत, पण घाट सर्वांचा नव्हता. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या विहिरीवर एक म्हातारी हंडा खाली ठेवून बाजूला उभी राहत असे. कोणी तरी वरून ओतील तेव्हा तिला पाणी. ओतणारी बाई घाईत असली तर म्हातारी दुपारपर्यंत उभी. आम्ही पोरे तिच्या अंगावरून खेळत जात होतो. तिचा चेहरा मला आठवत नाही, याची आता लाज वाटते.

मालगुजारी गेली हे इष्टच झाले. आपला भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता. तेथील 1950 च्या कायद्याने 31 मार्च 1951 पासून मालकी हक्क संपले आणि पूर्व विदर्भातले सुमारे 7 हजार तलाव सरकारजमा झाले. त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणू लागले, आणि दप्तरात त्याचे 'मामा तलाव' झाले. मामाचा गाव सर्वांना आठवतो, मामाचा तलाव मात्र कोणालाच आठवेना! पूर्वी गावाचा निस्तार, म्हणजे जनावरांना पाणी, आंघोळ, मासळी, शेतीची पाळी, हा वाजिब-उल-अर्जात लिहिलेला हक्क होता. तलाव सरकारी झाल्यावर शेतकऱ्याला पाण्याची पट्टी मागण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या ज्याची माती आम्ही टाकली त्याच पाण्याचे पैसे आम्ही का द्यावे, असे लोक म्हणू लागले आणि त्यावरून दीर्घकाळ भांडण चालले. पुढे 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. 100 हेक्टरपर्यंत सिंचनाचे लहान तलाव त्यांच्याकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मासळीचा ठेका सहकारी संस्थेकडे, पाळ एका खात्याकडे, तलावाखालची विहीर ग्रामपंचायतीकडे, तलावाला पाणी पुरवणारे वरचे जंगल वनखात्याकडे. एका तलावाला चार धनी झाले, आणि गाळ काढावयाची वेळ आली की चौघेही एकमेकांकडे पाहू लागले. तलावांत बेशरम वाढली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बंधुभगिनींना बरोबर घेऊन बेशरम उपटून तलावांत मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. ते काम मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ज्यांचे पोट तलावावर अवलंबून त्यांना तेथे कोणी तरी प्रथमच विचारले. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

सत्ता बदलली, किल्ली मालगुजाराच्या वाड्यातून कचेरीत आली. ती टोल्यापर्यंत मात्र आली नाही. नुसत्या कायद्याने आणि ठरावाने ती का येत नाही, हे समजून घेण्यासाठी आपण क्षणभर महाडला जाऊ. चवदार तळ्याची कथा आपण दरवर्षी ऐकतो, पण तिच्यातला नगरपालिकेचा भाग आपण बहुधा गाळतो. 1923 मध्ये रा. ब. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने तसा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले झाले. तीन वर्षे कोणी पाणी घेऊ शकले नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले. परतताना सत्याग्रहींना मारहाण झाली. आणि त्याच वर्षीच्या 4 ऑगस्टला त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला! पुढे दावा चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला. ठराव करणारेही नगरपिते, फिरवणारेही नगरपिते. आणि ज्यांच्या तोंडच्या पाण्याचा प्रश्न, त्यांच्या मताला त्या सभागृहात काही वजन नव्हते. हेच डॉ. आंबेडकर 1954 साली आपल्या भंडारा मतदारसंघात पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि आपण त्यांना पाडले. माझ्या वडिलांनी कोणाला मत दिले हे मी त्यांना कधी विचारले नाही.

राज्यघटनेच्या 15 व्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा शब्दशः उल्लेख आहे. घटनाकारांना पाण्याची किती धास्ती होती पाहा. आज विहिरीवर उघडपणे कोणी अडवत नाही, निदान अडवतो असे कोणी कबूल करत नाही. मग भेद गेला कोठे? मला वाटते, तो नळाच्या लांबीत, टाकीच्या जागेत आणि शासनाच्या मापांत जाऊन बसला.

ही मापे मी आपल्यापुढे ठेवतो. 1972 नंतर केंद्राच्या ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमात असे धरले जाई की माणशी 40 लिटर पाणी, 250 माणसांमागे एक हातपंप आणि 1.6 किलोमीटरच्या आत पाणी असले म्हणजे त्या वस्तीची सोय झाली. आता साधा हिशेब करू. 250 माणसे, प्रत्येकी 40 लिटर, म्हणजे 10 हजार लिटर. आपला नेहमीचा हातपंप मिनिटाला सुमारे 12 लिटर देतो. म्हणजे 833 मिनिटे, जवळजवळ 14 तास, तो दांडा एक क्षणही न थांबता हलला पाहिजे. हा दांडा कोण हलवणार होते, याची आकडा लिहिणाऱ्याला कल्पना नसावी. त्याच्या घरी नळ असणार.

आजचे माप सुधारले आहे, हे मी कबूल करतो. 15 ऑगस्ट 2019 रोजी जलजीवन मिशन सुरू झाले तेव्हा देशात खेड्यातल्या सहा घरांमागे एका घरी नळ होता. आता चित्र पुष्कळ बदलले आहे आणि ते श्रेय ज्यांचे त्यांना दिले पाहिजे. पण या योजनेत खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर, आणि मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरातल्या माणसाला, म्हणजे आपल्यासारख्यांना, सरकारी मापाप्रमाणे 135 लिटर. पाच माणसांच्या घराला तेथे 275 लिटर, येथे 675. खेड्यातल्या माणसाला तहान कमी लागते काय? शहरात संडासाला पाणी लागते म्हणून माप मोठे, असे उत्तर मिळते. बरे, खेड्यात संडास बांधा म्हणून आपणच सांगितले ना? मग तेथे पाणी ओतायचे कोणी आणि कोठून आणायचे?

संडासाची गोष्ट मी थोडक्यात सांगतो, कारण ती पाण्याचीच गोष्ट आहे. गाडगेबाबांनी या विदर्भाच्या मातीत हाती खराटा घेऊन हा प्रश्न मांडला; तिकडे कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत संडासाचे प्रयोग केले, आणि ते करताना भंगीकाम कोणा एका जातीच्या माथी राहू नये हा त्यांचा हेतू होता. 2014 मध्ये स्वच्छ भारत अभियान आले, घरटी 12 हजार रुपये मिळाले, एप्रिल 2018 मध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. हा हिशेब 2012 च्या पाहणीतल्या कुटुंबांवर होता. त्यानंतर वेगळी चूल मांडणारा मुलगा या मोजणीत नव्हता, आणि पाहणीच्या दिवशी कामाला परगावी गेलेला मजूरही बहुधा नव्हता. टोल्यावर मी संडास पाहिले. बांधलेले होते, रंगवलेले होते, कित्येकांना कुलूप होते. एका बाईने सांगितले, "दोन हंडे आणते, त्यात प्यायचे का ओतायचे?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यात धानाच्या बांध्या तुडुंब भरतात आणि जमिनीतले पाणी अगदी वर येते. शोषखड्डा विहिरीच्या जवळ खणला तर त्यातले पाणी विहिरीत उतरावयास वेळ लागत नाही. अंतर राखायला जागा लागते, आणि जागा कोणाकडे असते ते आपण जाणता. शहरात टाकी भरली की ती उपसणारा माणूस कोण असतो, हेही आपण जाणता. 2013 च्या कायद्याने माणसाला सुरक्षासाधनांशिवाय गटारात उतरवणे गुन्हा ठरला आहे. फोन करताना आपण ते विचारतो का?

आता कारभाराकडे येतो, आणि येथे मी थोडा कठोर बोललो तर क्षमा करावी. देवरी आणि सालेकसा तालुक्यांत गोंडांची वस्ती दाट आहे, पण आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. शेजारी गडचिरोली जिल्ह्यातला कोरची तालुका आहे. तेथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे आणि गावातल्या लहान जलाशयांचे व्यवस्थापन त्या कायद्याने पंचायतींकडे दिले आहे. तोच समाज, तीच भाषा, तसेच तलाव. मध्ये एक जिल्ह्याची सीमा आणि हक्क बदलला. 2006 च्या वनहक्क कायद्याने जलाशयांवरचा सामूहिक हक्क आपल्याकडेही मागता येतो, पण तो मागावा लागतो, आणि मागण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या किती झिजवाव्या लागतात ते विचारू नका.

दुसरे उदाहरण आमगावचे. 2017 मध्ये शासनाने आसपासची गावे मिळून नगर परिषद जाहीर केली, वाद न्यायालयात गेला, आणि वर्षानुवर्षे तेथे लोकांनी निवडलेली सभाच नव्हती; प्रशासक होते. त्या वादात कोणाचे बरोबर हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण तुंबलेल्या नाल्याबद्दल जाब विचारायला ज्याचे दार ठोठवावे असा नगरसेवकच वॉर्डात नसला म्हणजे काय होते, ते तेथल्या माणसाला विचारा. आमगाव-सालेकसा भागातली बनगावची प्रादेशिक नळयोजना थकबाकीमुळे बंद पडल्याच्या बातम्या आपण एकदा नव्हे, अनेकदा वाचल्या. अशा वेळी पाणीपट्टी भरणाराही कोरडा आणि न भरणाराही कोरडा. ज्याच्या घरी बोअर आहे त्याला मात्र योजना बंद पडली हे वर्तमानपत्रातून कळते. सार्वजनिक व्यवस्था दुबळी होण्याचे खरे कारण मला येथेच दिसते: गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याला त्या नळाची गरज उरलेली नाही.

आणि आपण गोंदियाकर? वैनगंगेवर डांगोर्लीला आपले पाणी उचलले जाते. काही उन्हाळ्यांत नदी तेथे आटली तेव्हा बाघ प्रकल्पातल्या पुजारीटोला धरणातून आपल्यासाठी पाणी सोडावे लागले. आपली तहान लागली तर धरण हलते. मी त्याला नावे ठेवत नाही. शहर तहानलेले कसे ठेवणार? पण ज्या धरणाच्या नावातच टोला आहे त्या धरणाचे पाणी पिताना कोणाच्या पाळीतून ते आले, एवढी चौकशी तरी आपण करावी.

नगरपालिकेजवळ पैसे नाहीत हे उत्तर आपण सर्वांनी ऐकले आहे. रतलामच्या लोकांनीही ऐकले होते. उघडी गटारे आणि झोपडपट्टीसाठी नसलेले संडास यांविरुद्ध ते न्यायालयात गेले. पालिका म्हणाली, पैसा नाही. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की, पैसा नाही ही सबब सांगून पालिकेला आपले कर्तव्य टाळता येणार नाही. शिवाय 2021 ते 2026 या वर्षांसाठी पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. त्यातला किती तुमच्या गावच्या शेवटच्या टोल्यावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येते. येत्या 1 मे ला विचारून पाहा. उत्तर मिळेलच असे नाही, पण प्रश्न नोंदवहीत तरी जाईल.

आता त्या टोल्याचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. राज्यात 2011 मध्ये पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव झाल्या, आणि पुढच्या एका निवडणुकीत त्या गावाला टोल्यावरची बाई सरपंच मिळाली. चौथी शिकलेली. सभेत पहिले सहा महिने ती काही बोलली नाही, असे लोक सांगतात. मग उन्हाळ्याच्या तोंडावर तिने एकच ठराव आणला: पाणी शेवटच्या टोकाकडून सोडायचे. पहिला टोला, मग मधल्या गल्ल्या, शेवटी तलावाकडची पहिली गल्ली. कालव्याच्या पाण्याला हा नियम खात्याचे लोक जाणतातच. नळाला तो लावावा असे कोणाला सुचले नव्हते. मोठी गडबड झाली. पहिल्या गल्लीच्या लोकांनी तहसिलात अर्ज दिले. टिल्लू पंप काढायचा दुसरा ठराव पडला, तो मंजूर झालाच नाही. पण पाळीचा ठराव टिकला, कारण टोल्यावरचे आणि मधल्या गल्ल्यांचे सदस्य या एका गोष्टीपुरते एकत्र आले. टाकी तीच, मोटर तीच, पाणीही तेवढेच.

ती बाई आता सरपंच नाही. आरक्षण फिरले, ती पुन्हा रोवणीला जाते. पाणी सोडण्याचे वेळापत्रक मात्र पंचायतीच्या भिंतीवर खडूने लिहिलेले आहे आणि पाऊस लागून पुसट झाले की कोणी तरी ते पुन्हा गिरवते. गेल्या महिन्यात मी मुद्दाम पहाटे गेलो होतो. टोल्याच्या नळाला सहा वाजून दहा मिनिटांनी पाणी आले. रांगेत अकरा हंडे होते. साडेसातला दोन मुली दप्तर घेऊन माझ्यासमोरून शाळेकडे गेल्या.